डावं पान, उजवं पान

एखाद्या गावाचं फोटोंचं पुस्तक काढायचं असेल तर ते त्या गावापासून निदान दोन तालुके लांब बसून काढावं. हे शहाणपण मी आता सांगते आहे, कारण आता ते माझ्या उपयोगाचं उरलेलं नाही. पुढेमागे ज्यांना असा मोह होईल त्यांनी लिहून घ्यावं.

माझी सुरुवात एका नोटिशीनं झाली. आमचं पाडळवडे सातारा आणि सांगली यांच्या मधोमध आहे, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांना ते पलीकडच्या जिल्ह्यातलं वाटतं. चार वर्षांपूर्वी तिथल्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. तिच्यामागोमाग कचऱ्याची गाडी आली, त्या गाडीला गाणं आलं, आणि एसटी स्टँडसमोरचे जुने गाळे पाडून तिथे संकुल बांधायची टूम आली. त्यातला चार नंबरचा गाळा म्हणजे अंबिका फोटो स्टुडिओ, माझ्या वडिलांचा. अण्णांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. महिनाअखेर गाळा रिकामा करावा, अशी नोटीस त्यांच्याच नावानं आली होती. 'उपस्थित न राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल,' असं खाली छापलं होतं. अण्णांचं तसंही कधी कुणाविरुद्ध काही म्हणणं नसायचं.

मी सांगलीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. शनिवारी गावी आले आणि अंबूबाई आत्याला घेऊन गाळा उघडला. आत्या अण्णांची थोरली बहीण. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि स्टुडिओला आपलं नाव दिलंय अशी तिची ठाम समजूत आहे. नाव देवीचं आहे, असं मी एकदा सांगून पाहिलं होतं. "देवीला कुणी इचारलं नव्हतं, मला इचारलं होतं," ती म्हणाली. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आत फळीवर बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, वीस-बावीस. प्रत्येक डब्यात कागदी पाकिटांत निगेटिव्ह. डब्यांवर अण्णांच्या अक्षरात साल आणि प्रसंग: '१९८४, लग्नसराई.' '१९८९, भरती.' आणि मागच्या रांगेत त्याच सालांचे, त्याच प्रसंगांचे दुसरे डबे. त्यांच्यावर एक शब्द जास्त होता: 'झाल्यावर.'

इथे मला अण्णांची पद्धत सांगायला हवी. आमच्याकडची माणसं फोटोला उभी राहतात ती निकाल ऐकायला उभं राहिल्यासारखी. हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी वर, डोळे कॅमेऱ्यावर असे रोखलेले की कॅमेऱ्यानं कबूल करावं. अण्णा त्यांचा जुना याशिका पोटाशी धरायचे. तो कॅमेरा वरून, मान खाली घालून बघायचा असतो. "श्वास धरा," ते म्हणायचे, "हलू नका," आणि मग "झालं!" त्या 'झालं'ला अख्खं कुटुंब एकदम सुटायचं. कुणी खाजवायचं, कुणी पोराच्या पाठीत घालायचं, कुणी पायातला काटा बघायचं. अण्णा तशीच मान खाली घालून रोल पुढे सरकवायचे आणि आणखी एकदा बटण दाबायचे. मान खाली असलेला माणूस आपल्याकडे बघतोय असं कुणालाच वाटत नाही. गिऱ्हाइकाला मिळायचा पहिला फोटो. दुसरा डब्यात जायचा. चाळीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

मी पट्ट्या उजेडात धरून आत्याला दाखवल्या.

"तरीच!" ती म्हणाली. "बारा फोटूंचा रोल आन् गिऱ्हाइकं सा. मला म्हणायचा, कंपनी रोल कमी भरती."

पुस्तकाची कल्पना मला तिथेच सुचली, आणि इतकी सोपी सुचली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. डाव्या पानावर धरलेल्या श्वासाचा फोटो, उजव्या पानावर त्याच माणसांचा झाल्यावरचा. डावीकडे गावाला आपण कसं दिसावं असं वाटतं ते, उजवीकडे गाव. भोवती भरपूर पांढरी जागा, खाली फक्त साल. मी आयुष्यभर पुस्तकं हाताळली आहेत. इतकं मांडायला मला एक वही आणि एक दुपार पुरली.

त्याच सुमारास नगरपंचायतीनं गावावर स्मरणग्रंथ काढायचं ठरवलं होतं. ज्याची संकल्पना मंजूर होईल त्याचे फोटो छापायचे आणि मूळ ठेवा वाचनालयाच्या वरच्या खोलीत कपाटात जपायचा, असा ठराव होता. मला त्या कपाटाची फार गरज होती. माझं सांगलीचं घर पूररेषेच्या आत आहे. तिथे निगेटिव्ह नेऊन ठेवणं म्हणजे कृष्णामाईची ओटी भरणं. गावच्या घरात वाळवी. म्हणजे महिनाअखेरीच्या आत एक तर माझी वही मंजूर व्हायला हवी होती, नाहीतर अण्णांचे डबे पावसाला किंवा वाळवीला, यातल्या कुणाला द्यायचे ते मी ठरवायचं होतं.

नगरपंचायतीच्या खिडकीत वीरधवल बसतो. आजोबांनी हे नाव कुंडलचं कुस्त्यांचं मैदान डोळ्यांपुढे ठेवून दिलं होतं. नातवाला तालमीची माती सोसली नाही. सगळा जोर आता शिक्का मारण्यात खर्च होतो, आणि तो पाहण्यासारखा असतो.

"आराखडा तीन प्रतींत," तो म्हणाला. "आणि फोटोतल्या व्यक्तींची संमतिपत्रं."

"सगळ्यांची?"

"ज्यांचं तोंड दिसतं त्यांची. पाठमोऱ्यांचं साहेबांना विचारून सांगतो."

"यातली निम्मी माणसं आता नाहीत."

"मग दाखला जोडा. नमुन्यात सोय आहे बघा." सोय होती. प्रत्येक नावापुढे छापलं होतं: 'हयात / मयत (नको ते खोडा).'

"आणि हा बैल?" मी एका फोटोवर बोट ठेवून विचारलं. हे मी चिडून विचारलं होतं. वीरधवलनं ते कामकाज म्हणून घेतलं. त्यानं फोटो जवळ धरला, लांब धरला.

"मालकाची संमती," तो म्हणाला. "बैल मयत असल्यास..." आणि मग पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थोडी शंका दिसली. "बैलाचं राहू द्या."

अर्जाच्या अगदी शेवटी एक ओळ होती. 'छायाचित्रकार: हयात / मयत (नको ते खोडा).' मी पेन टेकवलं, आणि मग मला आठवलं की आत्याच्या गोळ्या आणायच्या आहेत.

पुढचे दोन आठवडे मी रजा टाकून संमतिपत्रं घेऊन दारोदार हिंडले. सोबत आत्या, कारण मी कुणाची कोण हे तिच्याशिवाय कुणाला पटत नव्हतं. या हिंडण्यात मी चहाचे सतरा प्रकार प्यायले आणि मनुष्यस्वभावाबद्दल एक नियम शोधून काढला. तो असा: प्रत्येकाला दुसऱ्याचं उजवं पान आवडतं. शेजाऱ्याचा झाल्यावरचा फोटो दाखवला की माणूस गुडघ्यावर हात आपटून हसायचा, बायकोला हाक मारायचा, मोबाइलवर फोटोचा फोटो काढायचा. स्वतःचा दाखवला की चहाचा कप खाली ठेवायचा. "ह्यो काढा. त्यो डावा छापा, दोन्ही पानांवर छापा पायजे तर."

सल्ल्यांना तर तोटा नव्हता. एकानं मळ्यात बोअरला पाणी लागलं त्या वेळच्या कारंज्याचा फोटो आणून दिला, 'गावाची प्रगती' म्हणून. एकानं भाचा लोणंदला कांद्याच्या ढिगावर उभा आहे तो फोटो दिला. लोणंद आपलं गाव नाही, मी म्हटलं. "भाचा तर आपला हाय न्हवं?" एकीनं जर्सी गाईचा दिला आणि गाय हयात असल्याचं न विचारता सांगितलं.

नगराध्यक्षा रंगुबाईंच्या घरी मी जरा घाबरतच गेले. त्यांचा फोटो १९८४ च्या लग्नसराईतला. डावीकडे नवरा-नवरी मुंडावळ्या बांधून एकाच गुन्ह्यातले दोन आरोपी उभे असावेत तशी उभी आहेत. उजवीकडे नवरीनं चापाची नथ काढून हातात घेतली आहे आणि ती शिंकते आहे. साधी शिंक नाही, अर्ध्यात पकडलेली. नवरा खाली वाकून चपला शोधतो आहे.

रंगुबाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"ह्ये छापलं तर विरोधकांना मी काय तोंड दावू?"

"ह्येच," आत्या म्हणाली.

संमतिपत्र मिळालं नाही. चहाही अर्धवट राहिला.

वीरधवलनं माझी फाइल पहिल्यांदा परत केली ती याच सुमारास. सह्या अपुऱ्या होत्या, आणि शेवटच्या ओळीपुढे त्यानं पेन्सिलीनं एक बारीकशी फुली केली होती. मी फाइल मिटून पिशवीत टाकली.

नमुना प्रत तयार करायची म्हणून मी कृष्णातकडे गेले. स्टँडजवळ त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. पंचक्रोशीतले वाढदिवस, निवडी आणि बैलगाडा शर्यती त्याच्या एका कॉम्प्युटरातून बाहेर पडतात. माणूस मनाचा चांगला. अण्णांबद्दल बोलताना त्याचे डोळे भरायचे, आणि डोळे भरलेले असताना तो माझ्या आराखड्यात बदल करायचा.

"संकल्पना माज्याकडं तयारच असत्यात, ताई. फोल्डर हाय." फोल्डरमध्ये वाढदिवस, निवड, सत्कार, शर्यत आणि दशक्रिया असे कप्पे होते.

"पुस्तकाचा नाही?"

"मागणीच न्हाई."

त्यानं माझी वही निरखून पाहिली. "लय भारी हाय," तो म्हणाला. "फक्त एक सांगा, ही पांढरी जागा कुणासाठी सोडली?"

"कुणासाठी नाही. फोटोला श्वास घ्यायला."

कृष्णातनं मान हलवली. "मग तितं गुलाब टाकतो."

गुलाब काढायला तीन दिवस गेले. गुलाब गेले तिथे मोरपिसं आली. मोरपिसं काढली तेव्हा तो दुखावला. मी त्याला जगातल्या मोठमोठ्या पुस्तकांमधली पानं मोबाइलवर दाखवली, रिकाम्या जागेबद्दल दहा मिनिटं बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यांच्याकडं गिऱ्हाईक कमी असंल." तरीही त्यानं अखेर माझ्या वहीप्रमाणे प्रत लावून दिली. त्या समाधानात मी सांगलीला गेले. तिथेच चूक झाली.

मी गेल्यावर कृष्णातला वाटलं की एवढं मोठं पुस्तक येतंय आणि गावात वातावरणनिर्मिती काहीच नाही. अण्णांसाठी म्हणून त्यानं स्वखुशीनं एक मोठा फ्लेक्स बनवला. डाव्या पानांवरचे चोवीस चेहरे घेतले, लंबगोलात बसवले, वर लिहिलं 'आठवणीतलं पाडळवडे', आणि मंगळवारी सकाळी स्टँडवर टांगला. फोल्डरातला जो कप्पा त्याला त्यातल्या त्यात गंभीर वाटला तो त्यानं वापरला. त्यातली सगळी अक्षरं त्यानं प्रामाणिकपणे पुसली होती, हे मी शपथेवर सांगेन. पण काळी चौकट तशीच राहिली, आणि दोन्ही बाजूंच्या दोन समया तशाच राहिल्या.

आमच्या भागात फ्लेक्स कुणी वाचत नाही, बघतात. गुलाबी असला तर वाढदिवस, गुलाल उधळलेला असला तर निवड, आणि काळ्या चौकटीत दोन समया असल्या की डोक्यावरची टोपी काढायची.

चोवीसपैकी सतरा जण खरोखरच गेलेले होते. त्यांच्या घरच्यांना फ्लेक्स फार आवडला. राहिलेले सात जण हयात होते.

त्या सातांत आमच्या शेजारचे सुभेदार नाथाजी होते. निवृत्त फौजी, एकटे राहतात, आणि गल्लीत कुणाचं दार किती वाजता उघडतं याची त्यांच्याकडे नोंद असते. त्या दिवशी ते पहाटेच्या एसटीनं साताऱ्याला मिलिटरी कँटीनला गेले होते. मोबाइल घरी ठेवून गेले होते, कारण प्रवासात तो झिजतो असं त्यांचं मत आहे. नऊ वाजता फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सॲपवर गेला. दहाला माणदेशातले पाव्हणे फोन करू लागले. घराला कुलूप, फोन आतल्या आत वाजतोय, म्हणजे खरंच काहीतरी झालं असणार. अकराला त्यांच्या लेकीच्या सासरची माणसं टेंपो भरून आली, टेंपोतूनच रडत. बाराला गल्लीतल्या बायकांनी रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी रांधून आणली. दुखवट्याच्या घरी चूल पेटवायची नसते; आणि इथे तर चुलीला कुलूपच होतं.

सव्वाबाराला नाथाजी हातात कँटीनची पिशवी घेऊन स्टँडवर उतरले. फ्लेक्सकडे त्यांची पाठ होती. गल्लीत शिरले तर दारात ही गर्दी. जुना शिपाई माणूस, त्यांनी आधी टोपी काढली आणि गर्दीच्या मागे सावधान उभे राहिले. मग पुढच्याला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"सुभेदार," पुढचा मागे न वळता म्हणाला.

"कवा?"

"सकाळीच म्हणत्यात. माणूस तिरसट, पर मनात काय न्हाई."

"तिरसट म्हंजे?" नाथाजींनी विचारलं, आणि मग तो माणूस मागे वळला.

पुढच्या प्रसंगाबद्दल साक्षीदारांत मतभेद आहेत. कुणी किंचाळलं हे नक्की, कोण ते ठरलेलं नाही. लेकीनं आधी बापाच्या गळ्यात मिठी मारली आणि मग त्याला मोबाइल घरी ठेवल्याबद्दल चारचौघांत झाडलं. शेवटी टेंपोभर माणसं उपाशी परत पाठवायची कशी, म्हणून सगळे ओळीनं बसले आणि नाथाजींच्या दुखवट्याचं पिठलं नाथाजींच्या शेजारी बसून खाल्लं. पिठल्यात मीठ कमी होतं, असं नाथाजी आजही सांगतात.

आत्याचा फोन आला तशी मी दुपारच्या पॅसेंजरनं धावत आले. नाथाजी आमच्या अंगणात उभेच होते.

"शिवांजली," ते म्हणाले, "मी हयात हाय. लिहून घे."

मला हे सांगायला लाज वाटते, पण माझा हात आपोआप पिशवीत गेला. "काका, मग इथं खोडता का? 'मयत' खोडायचं. खाली सही."

त्यांनी अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पयलं ह्ये किताब बंद. फौजेत असलं चाललं नसतं. डिसिप्लीन म्हणून काय चीज असती." आणि त्यांनी विशेष सभेची मागणी केली. बाकीच्या सहा हयातांनी तिला पाठिंबा दिला.

वीरधवलनं फाइल दुसऱ्यांदा परत केली. पेन्सिलीची फुली या वेळी जरा ठळक होती.

सभा शुक्रवारी भरली, महिनाअखेरीच्या तीन दिवस आधी. सभागृहात खुर्च्या कमी, माणसं जास्त. मी भाषण तयार करून नेलं होतं. त्यात तीन सुंदर अवतरणं होती. पहिल्या अवतरणालाच कुणीतरी विचारलं, "ह्ये कोण? कुठल्या वॉर्डातलं?" मी उरलेली दोन घडी घालून ठेवली. मग सात हयातांनी आपापली बाजू मांडली. सतरा मयतांच्या नातेवाइकांनी फ्लेक्स कायमचा ठेवावा अशी उपसूचना आणली. त्यावर भांडण झालं, आणि भांडणात जर्सी गाईचा विषय निघाला.

रंगुबाईंनी टेबलावर हात आपटला. "बास! पुस्तक व्हईल. पर डावीच पानं छापायची. उजवी रद्द. ल्ह्या, वीरधवल."

वीरधवलनं पेन उघडलं. मी उभी होते ती खाली बसले. डब्यांना कपाट मिळणार होतं, पुस्तकही होणार होतं. फक्त अण्णांनी जे बघितलं होतं ते त्यात नसणार होतं. उपस्थित राहूनही आपलं काही म्हणणं नसणं हा आमच्या घराण्यातला गुण असावा.

इतका वेळ कृष्णात भिंतीवर पानं दाखवायला कॉम्प्युटर आणि प्रोजेक्टर घेऊन बसला होता. ठराव सांगेपर्यंत त्याचं बोट बटणावर गेलं होतं. भिंतीवर १९८९ आलं. डावं पान: भरतीला निघालेला अठरा वर्षांचा पोरगा, डोकं भादरलेलं, पायाशी पत्र्याची ट्रंक. शेजारी त्याची आई, तलाठी आल्यासारखी समोर बघत. आणि लगेच उजवं पान: पोरानं तोंड वेडंवाकडं करून भोकाड पसरलं आहे आणि आई पदरानं त्याचं नाक पुसते आहे, पार चिमटीत धरून.

सभागृह खदखदलं. "सुभेदार! शेंबूड!" मागून कुणीतरी ओरडलं.

नाथाजी उठून उभे राहिले. हसू हळूहळू थांबलं. ते भिंतीपाशी गेले, इतक्या जवळ की अर्धा फोटो त्यांच्या शर्टावर पडला.

"आईचा घरात एकच फोटू हाय," ते म्हणाले. "ह्योच, डावा. रोज उदबत्ती लावतो. त्यात ती तुज्या बापाकडं बघती, शिवांजली. माज्याकडं बघत न्हाई."

पंखा तेवढा कुरकुरत होता.

"हितं बघती," नाथाजी म्हणाले. मग त्यांनी टोपी घातली आणि वळले. "माजं उजवं पान ऱ्हाणार. बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाई. ऑर्डर हाय."

आणि तेव्हा माझ्या नियमाचा दुसरा भाग मला कळला: शेजाऱ्याला जे मिळतं ते आपल्याला मिळालंच पाहिजे. सुभेदाराचं उजवं पान राहणार म्हटल्यावर आमचं का नको, असं चहूबाजूंनी सुरू झालं. ज्यांनी महिनाभर मला दारातून परत पाठवलं होतं ते पेन उघडून अर्ज मागू लागले. "शिंकंचा पण घ्या मग," रंगुबाई म्हणाल्या, "पर बारका." त्यांच्या यजमानांनी चपला सापडल्याचाही फोटो आहे का विचारलं. ज्यांचे फोटोच नव्हते त्यांनी अन्याय झाल्याची घोषणा केली. त्यांच्यासाठी नवा ठराव झाला: गाळे पाडायच्या आधी, रविवारी, स्टुडिओसमोर सगळ्यांचा एक फोटो घ्यावा. तो अण्णांच्या कॅमेऱ्यानं घ्यावा. आणि, वीरधवलनं लिहून घेतलं, 'सदर फोटो मयत छायाचित्रकारांच्या कन्येने काढावा.'

रोल मी पुण्याहून मागवला. रविवारी पुढच्या ओळीतल्या खुर्च्यांवरून जे झालं ते लिहिण्यासाठी वेगळी वही लागेल. थोडक्यात, खुर्च्या काढून टाकल्या आणि सगळे उभे राहिले. शंभरेक माणसं, कडकडीत ऊन, मध्ये रंगुबाई, एका टोकाला नाथाजी, दुसऱ्या टोकाला जर्सी गाय. मी याशिका तिकाटण्यावर लावला आणि वरून आत पाहिलं. त्या काचेत सगळं उलटं दिसतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. गाय उजवीकडून डावीकडे गेली होती. आत्या माझ्या शेजारी शटरची केबल सांभाळत उभी होती.

"श्वास धरा," मी म्हटलं. "हलू नका." मी आत्याच्या हातून केबल घेतली आणि दाबली. "झालं!"

कुणीच हललं नाही.

मी रोल पुढे सरकवला आणि वाट पाहिली. शंभर माणसं श्वास धरून तशीच उभी. हनुवट्या वर, हात मांड्यांना. कुणीतरी ओठ न हलवता म्हणालं, "हलू नगा रं. आता घेती बघा दुसरा."

"झालं, खरंच झालं," मी म्हटलं.

"तुजा बापबी असंच म्हणायचा," रंगुबाई दातांतून म्हणाल्या.

"सोडा आता श्वास!"

"तू कॅमेरा पिशवीत घाल, मग सोडतो," नाथाजी सावधानमध्येच म्हणाले. त्यांचा चेहरा जांभळा होत चालला होता. मागच्या ओळीत कृष्णातचे डोळे बाहेर यायला आले होते. एकटी गाय श्वास घेत होती.

चाळीस वर्षं जमलेली युक्ती मी एका महिन्यात गावाला शिकवून ठेवली होती. मला हसू आलं. आधी थोडं आलं, मग जास्त आलं, मग मला उभं राहता येईना. मी केबल सोडली आणि कॅमेऱ्यासमोरच मटकन खाली बसून पोट धरून हसत राहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि आल्यावरही. समोर कुणाचातरी श्वास फुटला. मग सगळी ओळच्या ओळ फुटली.

"आगं, दाब की!" आत्या ओरडली. मी काही दाबण्याच्या स्थितीत नव्हते. मग तिनंच केबल उचलली आणि दाबली.

तो पुस्तकातला शेवटचा फोटो आहे. उजवं पान. तो किंचित तिरका आहे, आणि खालच्या कोपऱ्यात माझं डोकं आणि खांदा धूसर आला आहे. कृष्णातनं तो धूसरपणा काढून तिथे मोरपीस टाकायची तयारी दाखवली होती. स्टुडिओ आपल्या नावाचा, म्हणजे फोटोही आपलाच, असं म्हणून आत्यानं संमतिपत्रावर सही केली.

सोमवारी मी खिडकीपाशी गेले. सगळ्या सह्या होत्या, दाखले होते, तीन प्रती होत्या. वीरधवलनं पानं उलटली, शेवटच्या पानावर आला, आणि फाइल तिसऱ्यांदा माझ्याकडे सरकवली. या वेळी त्यानं तिच्यावर स्वतःचं पेनही ठेवलं होतं.

'छायाचित्रकार: हयात / मयत (नको ते खोडा).'

मी 'हयात'वर एक सरळ रेघ ओढली. टोपण लावलं.

"झालं," मी म्हटलं.

वीरधवल शिक्का वर धरून बसला होता. तो हलला नाही.

"खरंच झालं का, ताई?"

"हो."

तरी तो क्षणभर थांबला, माझ्याकडे न बघता, मान खाली घालून. मग त्यानं श्वास सोडला आणि शिक्का मारला.